वहिनी नको म्हणाल्या होत्या

माझा जवळचा मित्र कोलोराडोच्या डोंगरात बर्फाखाली गाडला जाऊन मेला. तो उतार मी निवडला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट निघाली की समोरचा माणूस चुकचुकतो आणि म्हणतो, ‘अपघात काय कुणाच्या हातात असतो!’ आणि माझं टाळकं सरकतं. हातात होतं ना! माझ्याच हातात होतं. उताराचा कोन मोजायचं यंत्रसुद्धा त्या दिवशी माझ्याच हातात होतं.

दोन हजार पाच-सहाचा हिवाळा. मी डेन्व्हरच्या एका उपनगरात राहायचो, सॉफ्टवेअरमध्ये होतो, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. तो शुगर लँडला, ह्यूस्टनच्या बाजूला, तेलाच्या पाइपलाइनींची डिझाइन्स करायचा. पुण्याला इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही हॉस्टेलच्या एकाच खोलीत काढली होती. एकमेकांचे शर्ट घातले, एकमेकांच्या नावाने प्रॅक्टिकलच्या सह्या ठोकल्या. आणि दर रविवारी कुठला ना कुठला गड. सह्याद्रीत आम्ही माकडांसारखे चढायचो, आणि आमच्या ग्रुपमध्ये परत फिरणं हा प्रकारच नव्हता. एकदा एकजण पाय मुरगळला म्हणून खालीच बसून राहिला, तर त्याला आम्ही डिग्री हातात पडेपर्यंत ‘पायथा’ म्हणून हाक मारली. बिचारा हसायचा. आज वाटतं, आमच्यात अक्कल असलेला तेवढा एकच होता.

अमेरिकेत आल्यावर डोंगर मिळाले, पण सहा महिने बर्फाखाली. मला ते सहा महिने घरात बसवेनात. मग मी स्नोशू घेतले. बुटाखाली बांधायच्या रुंद चपट्या पाट्या असतात, त्याने पाय मऊ बर्फात रुतत नाहीत. दोन हिवाळे मी एकटाच पाइनच्या रानातून फिरलो. बायको म्हणाली, जायचंच असेल तर नीट शिकून तरी जा. म्हणून मी हिमस्खलनाचा दोन दिवसांचा कोर्स केला. बाकी सगळे गोरे, काटक, दाढीवाले. मी एकटा आपला देशी, कानटोपी घालून पहिल्या बाकावर वही उघडून बसलेला.

शिकवणारी बाई साठीची होती. उन्हाने चेहरा रापलेला, आवाज खणखणीत. आपल्याकडे असती तर आपण तिला काकू म्हटलं असतं आणि घाबरून असतो. तिने सांगितलं ते मला आजही पाठ आहे. तीस अंशांपेक्षा सौम्य उतार सहसा घसरत नाही. पंचेचाळिसाच्या वरच्या उतारावर बर्फ फारसा साठतच नाही, थोडा थोडा आपोआप पडून जातो. मधला उतार वाईट. चालायला बरा वाटतो आणि फुटायलाही तोच बरा असतो. खाली जुना, साखरेसारखा सुटा दाणेदार बर्फ, आणि त्याच्यावर वाऱ्याने आणून दाबलेला जड थर, असं असलं की तो वरचा थर अख्खाच्या अख्खा सुटून येतो. पायाखाली कधीकधी ‘वुम्फ’ असा घुमल्यासारखा आवाज होतो. तो आवाज म्हणजे खालचा थर मोडला. तो ऐकला की विचार करायचा नाही, उताराकडे बघायचंही नाही, आल्या वाटेने परत.

आणि शेवटी तिने एक नियम सांगितला. गटातला एकजण नको म्हणाला की सगळे परत. तो नवखा असो, भित्रा असो. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. मी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. परीक्षेत मला पैकीच्या पैकी पडले. आपल्याला परीक्षा तेवढ्या चांगल्या येतात.

फेब्रुवारीत सोमवारची सुट्टी जोडून तो आणि वहिनी आमच्याकडे आले. वहिनी नागपूरच्या. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झालेल्या, पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, त्यामुळे नोकरी करता येत नव्हती. घरी बसून पुस्तकांचा फडशा पाडायच्या आणि नवऱ्याची यथेच्छ फिरकी घ्यायच्या. मला ‘भाऊजी’ म्हणायच्या, तेही जरा चिडवायलाच. त्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. तीन महिने आधी तिकिटं काढली होती, माझी रोज एक ईमेल जायची, हे दाखवतो नि ते दाखवतो.

आले तेव्हाच वादळ सुरू झालं. शनिवारी दिवसभर पाऊण-एक फूट बर्फ पडला. घाट बंद. आम्ही पत्ते कुटत बसलो. रविवारी बर्फ थांबला पण वारा असा की खिडक्या हलत होत्या. पुन्हा पत्ते, पुन्हा भजी. मित्र दर तासाला पडदा सारून बघायचा आणि म्हणायचा, “लेका, ह्यूस्टनवरून काय तुझी काउच बघायला आलो का?” हसत म्हणायचा, पण मला लागायचं. माझ्या डोंगरांनी मला तोंडघशी पाडलं असं वाटायचं. आणि सोमवारी सकाळी बघतो तर आभाळ निळंशार, वारा पडलेला, झाडं पांढरी. त्यांचं विमान मंगळवारी सकाळचं होतं. म्हणजे हाच एक दिवस होता.

मी रोजचं हिमस्खलन पत्रक इंटरनेटवर उघडलं. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. त्या दिवशी तिसरी होती. पाचपैकी तीन. आता सांगतो माझ्या डोक्यात काय आलं, आणि मला त्याची लाज वाटते. मला वाटलं, तीन म्हणजे मधला, म्हणजे ठीकठाक. त्या बाईने आम्हाला चांगलं दम देऊन सांगितलं होतं की मला सगळ्यात भीती तिसऱ्या पायरीची वाटते, कारण पाचवीला कुणी घराबाहेर पडतच नाही, तिसरीला सगळे पडतात. पत्रकात खाली लिहिलंही होतं, वाऱ्याने पूर्वेकडच्या उतारांवर बर्फ लादलाय, ते टाळा. मी वाचलं. वाचून ते पान बंद केलं आणि चहा टाकला.

मुलीचा कान दुखत होता म्हणून बायको घरीच थांबली. मुलगी दारात येऊन म्हणाली, “बाबा, टेक पिक्चर्स ओके?” बायकोने पोळ्या, बटाट्याची भाजी आणि थर्मासमध्ये चहा दिला. दुकानातून मी दोघांसाठी स्नोशू, दोन बीकन आणि एक जादा फावडं भाड्याने घेतलं. बीकन म्हणजे छातीवर बांधायचं छोटं यंत्र. तुम्ही गाडले गेलात तर ते सिग्नल देत राहतं आणि दुसऱ्याच्या यंत्रावर अंतर दिसतं. पार्किंगमध्ये मी एक बीकन गाडीच्या चाकामागे लपवलं आणि मित्राला शोधायला लावलं. त्याने दोन मिनिटांत शोधलं आणि ओरडला, “सापडला चोर!” वहिनी खूप हसल्या. झालं आमचं ट्रेनिंग.

निघण्याआधी गटातल्या प्रत्येकाला विचारायचं असतं, आज तुला काय खटकतंय? हे कोर्समध्ये शिकवलेलं. मी विचारलं नाही. अहो, पाहुण्यांना कुणी विचारतं का असं? घरी जेवायला बोलावून, काय बिघडलंय ते सांगा, असं म्हणतो का आपण? आणि खरं कारण वेगळंच होतं. मला विचारायचंच नव्हतं. कुणी काही बोललं असतं तर?

पहिला तासभर फार सुंदर गेला. दाट पाइनचं रान, सपाट वाट, वरून मधूनच फांदीवरचा बर्फ भुरभुरत खाली यायचा. वहिनींना स्नोशू घालून चालता येईना, बदकासारख्या फताफता चालत होत्या आणि स्वतःलाच हसत होत्या. मित्र पुढे जाऊन त्यांचे फोटो काढायचा. मी सगळ्यात पुढे, वाट पाडत. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. हे सगळं माझं आहे आणि मी ते यांना दाखवतोय असं काहीतरी.

रान संपलं आणि छोटं मोकळं मैदान आलं. मधोमध गेलो आणि पायाखालून आवाज आला. वुम्फ. जमीन अर्धा इंच खाली गेल्यासारखी वाटली. वीस हातांवर एक लहानसं झाड होतं, त्याच्या फांद्यांवरचा बर्फ एकदम खाली सांडला.

“काय झालं हो?” वहिनी थांबल्या. “हे काय होतं?”

मी म्हणालो, “काही नाही, नवीन बर्फ खाली बसतोय. चांगलंच असतं ते.”

हे मी म्हणालो. हेच शब्द. जिभेवर कुठून आले मला माहीत नाही, पण आले ते अगदी सहज आले. कोर्समधला शब्द न् शब्द आठवत होता आणि तोंडाने मी मास्तरकी करत होतो. कारण तळं फक्त अर्ध्या तासावर होतं. गोठलेलं तळं, त्याच्या भोवती तिन्ही बाजूंनी कडे. त्याचे फोटो मी ईमेलने पाठवले होते. तळं न दाखवता परत गेलो असतो तर मित्र गाडीत काय म्हणाला असता हे मला ऐकू येत होतं. पायथा म्हणाला असता.

मैदानापलीकडे वाट एका उघड्या उताराला आडवी जात होती. उतार रुंदीला शंभर-सव्वाशे पावलं असेल. डावीकडे वर तो चढत जाऊन एका धारेला भिडत होता, धारेवर वाऱ्याने बर्फाची झालर काढलेली. उजवीकडे खाली एक अरुंद घळ. पलीकडे पुन्हा झाडं, सुरक्षित. उतार पूर्वेकडचाच होता. वाऱ्याने त्यावर बर्फ असा आणून घातला होता की एक सुरकुती नव्हती. फक्त कुणाच्या तरी स्कीच्या दोन रेघा त्यावरून गेलेल्या दिसल्या आणि मला हुश्श झालं. कुणीतरी गेलं होतं ना! म्हणजे जाता येतं. ते कोण होते, कधी गेले, त्यांना किती कळत होतं, काही माहीत नाही. कोर्स केलेला मी, आणि अक्कल गहाण टाकली दोन रेघांपाशी.

यंत्र काढून कोन मोजला. पस्तीस. मित्राने विचारलं, “किती रे?”

“तिसाच्या आसपास.”

पस्तिसाला तिसाच्या आसपासच म्हणतात की. बरोबर ना?

तेव्हा वहिनी बोलल्या. “मी नाही येत बाप्पा. तुम्ही जा दोघं. मी इथेच झाडापाशी बसते, चहा पिते.”

आता हे नीट सांगायला हवं, कारण सगळं इथेच घडलं. आपल्याकडे पाहुण्याचं पहिलं ‘नको’ हे नको नसतंच. दुसरंही नसतं. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तरी आपण बोटांच्या फटीतून वाढतो. न वाढणारा यजमान कद्रू, आणि पहिल्यांदाच ‘हो’ म्हणणारा पाहुणा हावरट. माझ्या आईने आग्रह कसा करायचा हे मला न शिकवता शिकवलं. मी अमेरिकेत दहा-पंधरा लोकांना जेवायला बोलवायचो, आणि माझ्या आग्रहाची ख्याती होती. माझ्यापुढे कुणाचं ‘नको’ टिकायचं नाही. मला त्याचा अभिमान होता हो.

मग माझं सुरू झालं. “अहो वहिनी, असं कसं? इतक्या लांबून आलात, आणि तळ्यापाशी येऊन मागे फिरणार? पाच मिनिटांचं तर काम आहे. मी आधी जातो, मग हा जाईल, मग तुम्ही आमच्या पावलांवरून या. पावलं आयती मिळतील तुम्हाला.”

“नको भाऊजी. खरंच नको.”

“अगं, कोर्स केलेला माणूस आहे हा,” मित्र म्हणाला. “पहिल्या नंबराने पास झालाय.”

“चला हो वहिनी, माझ्यासाठी!” मी म्हणालो. ‘माझ्यासाठी’! श्रीखंडाची शेवटची वाटी संपवायला म्हणतात तसं.

शेवटी त्या म्हणाल्या, “बरं.”

त्यांचं नको हे ताटावरचं नको नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर विचार करून नाही, तेव्हाच, तिथल्या तिथे. पाहुणा नको म्हणतो तेव्हा हसत म्हणतो. त्या हसत नव्हत्या. त्यांनी एका हाताने झाडाचा बुंधा धरला होता आणि त्या माझ्याकडे न बघता वर धारेकडे बघत होत्या. दिवसभर थट्टा करणारी बाई एकाएकी गप्प झाली होती. मला दिसलं. दिसलं, कळलं, आणि तरी मी वाढलं. एकजण नको म्हणाला की सगळे परत, ही दोन रेघा मारलेली ओळ मला आठवलीसुद्धा होती. पण त्या ‘बरं’ म्हणाल्या ना, मग झालं. मी सुटलो.

मी आधी गेलो. काही झालं नाही. पलीकडच्या झाडांत पोचून मी दोन्ही हात वर केले. मग मित्र आला, फोटो काढत काढत. त्यालाही काही झालं नाही. “हात्तिच्या!” म्हणाला. मग वहिनी निघाल्या.

मध्यावर आल्या आणि थांबल्या. पाय पुढे टाकवेना. तिथून थेट खाली घळ दिसते. मी ओरडलो, “खाली बघू नका, समोर बघा! या!” त्या हलेनात. तिथूनच म्हणाल्या, “मला नाही जमत.” रडवेला आवाज होता.

मित्र म्हणाला, “थांब, मी आणतो तिला,” आणि निघाला. एका वेळी एकच जण उतारावर, हा अगदी पहिला नियम. मी तोंड उघडलं. पण भेदरलेल्या बायकोला आणायला निघालेल्या नवऱ्याला काय म्हणायचं, नियम आहे म्हणून? मी तोंड मिटलं. तो वहिनींपर्यंत जवळजवळ पोचला होता. त्याने हात पुढे केला होता.

मोठा आवाज वगैरे झाला नाही. धारेच्या खाली एक रेघ उमटली, निळसर, आणि ती इतक्या झटक्यात उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली की मला आधी कळलंच नाही काय पाहतोय. मग अख्खा उतार फरशीसारखा तडकला आणि चालायला लागला. मी त्याचं नाव घेऊन ओरडलो. वहिनी आम्ही आलो त्या बाजूला होत्या, त्यांना बर्फाने थोडं ओढलं आणि कमरेएवढ्या बर्फात उभं करून सोडून दिलं. मित्राला घेऊन गेला. खाली घळीत.

मग सगळं शांत. ऊन तसंच.

मी बीकन शोधायच्या बटणावर टाकलं आणि घळीत धावलो, पडलो, धावलो. तो मेला असेल हे तेव्हा डोक्यात नव्हतं, तेव्हा फक्त आकडे होते. चाळीस. बावीस. नऊ. दोन. दोनच्या खाली जाईना. म्हणजे तो दोन मीटर खाली होता. मी फावडं काढून खणायला लागलो. थांबलेला बर्फ मऊ राहत नाही, सिमेंट होतो. दुसरं फावडं त्याच्याच पाठीवरच्या पिशवीत होतं. वहिनी स्वतःला सोडवून खाली आल्या आणि पायातला एक स्नोशू काढून त्या पाटीने खणायला लागल्या. त्या रडत नव्हत्या. त्याचं नाव घेऊन सारखं म्हणत होत्या, “आलो रे, आलो, आलो.” मला ते ऐकवत नव्हतं.

किती वेळ लागला मला माहीत नाही. नंतर चौकशीत त्यांनी अर्धा तास धरला. तोंडाजवळ त्याच्याच श्वासाने बर्फाची पातळ काच झाली होती. वहिनींनी ती बोटांनी काढली. आम्ही आळीपाळीने छाती दाबली, श्वास दिला. फोनला रेंज नव्हती. कुठून तरी दोन स्कीवाले आले, एक मदत आणायला खाली गेला, दुसऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं. मी त्याला ढकललं. शिव्या दिल्या, मराठीत.

दोन दिवसांनी चौकशीला एक माणूस घरी आला. सभ्य, हळू बोलणारा. कोणाला दोष द्यायला हे नसतं, म्हणाला, दुसऱ्यांनी यातून शिकावं म्हणून लिहितो. त्याने सगळं विचारलं. कोन सांगितला, पस्तीस. पत्रक वाचलं होतं सांगितलं. मग त्याने विचारलं, वाटेत काही आवाज, काही भेगा, काही इशारा? मी म्हणालो, नाही. बायको शेजारीच बसली होती. तिला काय ठाऊक! त्याने वहिनींनाही दोन प्रश्न विचारले, पण त्या झोपेच्या गोळ्यांवर होत्या आणि तो भला माणूस होता, त्याने ताणलं नाही. तो अहवाल इंटरनेटवर लागला, नावं न घालता. त्यात लिहिलंय की गटाला अस्थिरतेची उघड चिन्हं दिसली नाहीत. लोक तो वाचून शिकत असतील. काय शिकत असतील देव जाणे.

आणि ‘नको’बद्दल त्याने विचारलंच नाही. गटाचा निर्णय कसा झाला, एवढंच विचारलं. मी म्हणालो, सगळ्यांनी मिळून ठरवलं.

त्याला भारतात न्यावं लागलं. ते सगळं त्याच्या थोरल्या भावाने येऊन केलं. त्याच्या आईशी फोनवर बोलायची वेळ आली तेव्हा मी बायकोला फोन दिला. वहिनी तिकडे जाऊन, दिवस करून, दोन महिन्यांनी थोड्या दिवसांच्या वेगळ्या व्हिसावर परत आल्या, घर आवरायला. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईचा व्हिसा नवऱ्याबरोबर संपतो. त्याच्या कंपनीच्या वकिलाने हे त्यांना फार नम्रपणे समजावून सांगितलं होतं. थोडेच दिवस हातात होते. शुगर लँडची मराठी मंडळी रोज डबे आणून द्यायची, मावश्या-काकू येऊन बसायच्या. पण सामानाला कुणाला हात लावू द्यायला वहिनी तयार नव्हत्या. मी सुट्टी टाकून गेलो. बायको म्हणाली, जायलाच हवं तुला. मला पण तेच वाटत होतं, आणि जाऊ नये असंही.

एप्रिलचा शेवट होता, आणि तिथे तेव्हाच अंगाला चिकटणारी गरमी. अपार्टमेंटमध्ये खोकी पसरलेली. मी टेप लावत होतो, त्या त्याची पुस्तकं भरत होत्या. पहिले दोन दिवस आम्ही कामाचंच बोललो. हे ठेवू का, हे देऊन टाकू का. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या एकदम खाली बसल्या.

“भाऊजी, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचारा ना.”

“मी नको म्हटलं होतं तेव्हा. मी कसं म्हटलं होतं ते मी रोज आठवून राहिले. मला वाटते, मी नीट म्हटलंच नाही. जेवताना म्हणतो तसंच म्हटलं असेल. नाहीतर तुम्ही ऐकलं असतं ना? तुम्ही तर कोर्स केलेला. मी ठाम बोलले असते तर तुम्ही दोघं थांबलेच असते.” त्यांनी हातातलं पुस्तक मांडीवर ठेवलं. “तुम्हाला वाटलं असेल मी उगाच नको म्हणते. हो ना?”

त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळे सुजलेले, पण नजर स्थिर. त्यांना उत्तर हवं होतं. धीर नको होता, उत्तर हवं होतं.

सांगायला एवढंच होतं: नाही वहिनी, मला कळलं होतं. तुम्ही अगदी नीट म्हटलं होतं. तो आवाज काय होता तेही मला माहीत होतं. तुमचं काही चुकलं नाही. चार वाक्यं. ती ऐकून त्या माझं तोंड कधी पाहणार नाहीत, एवढंच झालं असतं. त्याच्या आईला कळलं असतं. माझ्या बायकोला कळलं असतं. त्या मात्र सुटल्या असत्या.

मी म्हणालो, “हो. मला वाटलं, तुम्ही आपलं उगाच म्हणताय.”

त्यांनी मान हलवली. “मला माहीतच होतं,” म्हणाल्या. “माझंच चुकलं मग.”

आणि पुढचं पुस्तक उचलून खोक्यात ठेवलं. मी टेप लावत राहिलो. संध्याकाळपर्यंत आम्ही अकरा खोकी भरली.